सापसुरळीची ओळख (छायाचित्र व स्थळ यांवरून)

सापसुरळी हा स्किंसिडी कुलातील, चकचकीत खवल्यांचा व आखूड पायांचा सरडा होय. काही भागांत तिला सापाची मावशी म्हणतात. ती बिनविषारी असूनही केवळ गैरसमजापोटी पुष्कळदा मारली जाते. जिवंत प्राणी न पकडता छायाचित्रावरून तिची जाती ओळखण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिच्या मर्यादा मात्र फारशा लक्षात घेतल्या जात नाहीत.

रंगावर विसंबणे सर्वांत घातक. विणीच्या हंगामात काही जातींच्या नरांच्या कुशी लालभडक होतात. रायोपा पंक्टाटाच्या पिलांचे शेपूट लाल असते व वाढीबरोबर ती लाली ओसरते. शेपटीची लांबीही निरुपयोगी, कारण तुटलेली शेपटी पुन्हा फुटते. आकाराबाबत तर नेहमीच फसगत होते. यूट्रोपिस कॅरिनाटाच्या प्रौढाची मुस्कटापासून गुदद्वारापर्यंतची लांबी सु. १२ सेंमी., तर यू. मॅक्युलॅरियाची सु. ७ सेंमी. असते. छायाचित्रात मोजपट्टी नसल्यास पहिलीचे पिलू व दुसरीचे प्रौढ यांत घोटाळा होतो.

निर्णय खवल्यांवरून करावा. पाठीच्या प्रत्येक खवल्यावरील उभे कंगोरे कॅरिनाटात बहुधा ३ ते ५, तर मॅक्युलॅरियात ५ ते ९ असतात. ५ हा आकडा दोहोंत येत असल्याने केवळ त्यावर भिस्त ठेवता येत नाही. रायोपा पंक्टाटाचे खवले गुळगुळीत असतात. यू. डिसिमिलिसच्या खालच्या पापणीत पारदर्शक चकती असते. कॅरिनाटा व मॅक्युलॅरिया यांची पापणी खवल्यांनी झाकलेली असते. म्हणून पाठ, डोके व डोळा यांची जवळून घेतलेली स्वतंत्र छायाचित्रे हवीत. वरून घेतलेले एकच सुबक चित्र बहुधा कामाचे नसते.

स्थळाने पर्याय कमी होतात. रिस्टेला प्रजाती दक्षिणेकडील पश्चिम घाटातच आढळते. पुढच्या पायाला चारच बोटे असल्याने तिची खातरजमाही होते. तथापि स्थळ हा पुरावा मानणे धोक्याचे. नकाशा पाहून नाव ठरविले व त्याच नावाने नोंद केली, तर नकाशाच स्वतःचा साक्षीदार बनतो. के. पी. श्मिट यांनी १९२६ मध्ये वर्णिलेल्या यू. अलापल्लेन्सिसला गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे नाव मिळाले; पुढे ती महाराष्ट्राबाहेरही आढळली. नावातील गाव म्हणजे वसतिस्थानाची सीमा नव्हे. खवले व स्थळ यांचा मेळ बसत नसल्यास प्रजातीपर्यंतच नाव द्यावे व जातीची जागा मोकळी ठेवावी.