जिरेल ते डोसूये: तलवारवाल्यांच्या कथा

ऑक्टोबर 1934. 'वीअर्ड टेल्स' या अमेरिकी मासिकात सी. एल. मूर यांची 'ब्लॅक गॉड्‌स किस' ही कथा आली. काळ मध्ययुगीन फ्रान्सचा. जॉयरीचा गड पडला आहे. जेत्यापुढे चिलखतातला एक कैदी आणला जातो, शिरस्त्राण उतरते आणि समोर उभी असते गडाची धनीण, जिरेल.

मूर इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होत्या. लेखनातून कमाई होते हे बँकेला कळू नये म्हणून त्या फक्त आद्याक्षरे वापरत. त्यांची जिरेल सूडासाठी गडाखालच्या भुयारातून अघोरी प्रदेशात उतरते, काळ्या देवाच्या मूर्तीचे चुंबन घेते आणि तोच मृत्यू जेत्याच्या ओठांवर ठेवते. तो मरतो तेव्हा तिला उमगते की आपले त्याच्यावर प्रेम होते. हा शेवट आज खुपतो, खुपायलाच हवा. तरीही जादूची किंमत नायिकेनेच मोजायची, ही जबर कल्पना याच कथेत आहे.

1939 पर्यंत जिरेलच्या सहा कथा आल्या. दरम्यान कॉननचे जनक रॉबर्ट हॉवर्ड यांनी सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधली 'डार्क अ‍ॅग्नेस' रंगवली. लादलेले लग्न झुगारून ती तलवार उचलते. मूर यांना ही कथा फार आवडली होती. पण हॉवर्ड 1936 मध्ये गेले, तोवर ती छापलीच गेली नव्हती.

पुढची ठाम पावले स्त्रीवादी चळवळीच्या काळातली. 1967 मध्ये जोअ‍ॅना रस यांनी अ‍ॅलिक्स आणली: हुशार, कसबी आणि कोणत्याही पुरुषाच्या कथेतले दुय्यम पात्र नसलेली.

1979 मध्ये जेसिका अमांडा सॅल्मन्सन यांनी 'अ‍ॅमेझॉन्स!' हा कथासंग्रह संपादित केला. पुढच्याच वर्षी त्याला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. त्यातली चार्ल्स साँडर्स यांची डोसूये युद्धबैलावर स्वार होते. तिच्यामागे खरा इतिहास आहे: पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे राज्याच्या स्त्री-पलटणी. 1890च्या दशकात त्या फ्रेंच फौजांशी लढल्या. म्हणूनच डोसूयेला आपले शौर्य कुणाला पटवून द्यावे लागत नाही. ते तिच्या समाजात रुजलेलेच आहे.

या परंपरेची ओळख करून घ्यायची तर आधी 'ब्लॅक गॉड्‌स किस' वाचावी आणि लगेच साँडर्स यांची डोसूयेची कथा 'अग्बेवेज सोर्ड'. पंचेचाळीस वर्षांत नायिका किती मोकळी झाली, ते या दोन कथा शेजारी ठेवल्या की कळते.