घरांतील धूळ आणि विजेची केरसुणी

दिवाळीला पंधरा दिवस उरले, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांतून माळ्यावरची एक पेटी खालीं उतरते. तिच्यांतून वाटोळ्या पोटाचें एक यंत्र, एक लवचिक नळी, दोन-तीन सरळ नळ्या आणि मूळच्या कागदी वेष्टणांतून क्वचितच सुटलेले चार-पांच लहानमोठे ब्रश बाहेर निघतात. दोन दिवस घरांत मोठी घरघर चालते, गाद्या आणि पंखे स्वच्छ होतात, आणि भाऊबीज उलटली कीं तें यंत्र पुन्हा माळ्यावर जातें. व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजेच विजेची केरसुणी, विकत घेणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा अनुभव असा आहे. पैसे मात्र वर्षभराच्या उपयोगाच्या आशेनें मोजलेले असतात. मग यंत्र टाकाऊ निघालें अशी तक्रार होते. परंतु नीट पाहिलें, तर दोष पुष्कळदां यंत्राचा नसतो. तें कोणत्या कामासाठीं जन्मास आलें, तें धूळ कशी ओढतें, आणि त्याच्याबरोबर आलेलीं उपांगें कशासाठीं आहेत, या तीन गोष्टी कोणी समजावून सांगितलेल्या नसतात.

या यंत्राची जन्मकथा १९०१ सालच्या लंडनमधील आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनीयर एका नव्या यंत्राचा प्रयोग पाहण्यास गेला होता. तें यंत्र हवा जोरानें फुंकून धूळ उडवीत असे. पण उडालेली धूळ बव्हंशीं पुन्हा जागच्या जागीं येऊन बसे. फुंकण्याऐवजीं धूळ ओढून कां घेऊं नये, असें बूथनें विचारलें, तेव्हां तें अशक्य आहे असें उत्तर त्यास मिळालें. पुढें एका उपाहारगृहांत मखमली आसनावर रुमाल टाकून त्यानें त्यांतून तोंडानें हवा ओढली. ठसका तर लागलाच, पण रुमालावर धुळीचा काळा ठसाही उमटला. आणि कल्पना खरी ठरली. त्याच सालीं त्यानें केलेलें यंत्र पेट्रोलच्या एंजिनावर चाले व घोडागाडींतून दारापर्यंत येई. यंत्र रस्त्यावर उभें राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरांत सोडल्या जात. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्रानें झाडले गेले.

रस्त्यावरचें यंत्र घरांत आलें तें अमेरिकेंत. ओहायो राज्यांतील कँटन गांवीं जेम्स मरे स्पँग्लर नांवाचा गृहस्थ एका दुकानाच्या झाडलोटीचें काम करी. त्यास दम्याचा विकार होता, आणि झाडतांना उडणारी धूळ त्याला सोसत नसे. पंख्याची मोटर, एक पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामग्रींतून त्यानें १९०७ सालीं हातानें ढकलण्याजोगें यंत्र जुळविलें; १९०८ सालीं त्यास पेटंट मिळालें. त्याचे हक्क विल्यम हूवर या चामड्याच्या मालाच्या कारखानदारानें घेतले. पुढें १९२१ सालीं स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स कंपनीनें जमिनीवर घसरत मागें येणारें लांबट यंत्र काढलें. यंत्र जमिनीवर आणि नळी हातांत, ही त्याची मांडणी आजही घरोघर दिसते.

या जन्मकथेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं हें यंत्र गालिच्यांसाठीं जन्मास आलें. दुसरी ही, कीं त्यास घरगुती रूप देणारा मनुष्य दमेकरी होता. एकीमुळें महाराष्ट्रांतील घरांत त्याची निराशा होते. दुसरीमुळें त्याचें खरें मोल कळतें.

गालिचा हा धुळीचा सांठा असतो. त्याच्या केसाळ अंगांत रुतलेली माती केरसुणीनें निघत नाहीं. तिथें फिरत्या ब्रशानें झोडणारें आणि त्याच वेळीं ओढणारें यंत्र पाहिजे. परंतु शहाबादी फरशी, मोझॅक किंवा आजची गुळगुळीत टाइल यांवर धूळ केवळ वर पडलेली असते. तेथें गालिच्यासाठीं केलेला फिरता ब्रश लावला, तर तांदळाचे दाणे आणि वाळूचे कण ओढले जाण्यापूर्वींच चहूंकडे उडतात, आणि गृहिणी म्हणते, ‘याहून आमची केरसुणी बरी!’ तिचें म्हणणें रास्तच आहे. मोकळ्या फरशीवर केरसुणी आणि त्यामागून ओलें फडकें यांच्याशीं हें यंत्र वेगांत किंवा खर्चांत स्पर्धा करूं शकत नाहीं. त्याचें क्षेत्र निराळें आहे, आणि तें क्षेत्र पेटींत पडून राहिलेल्या लहान उपांगांत दडलेलें आहे.

तीं उपांगें समजण्यासाठीं प्रथम यंत्राचें अंतरंग पाहिलें पाहिजे. यंत्राच्या पोटांत मिनिटास हजारों फेरे घेणारा पंखा असतो. तो आंतील हवा मागें फेंकतो. त्यामुळें पुढच्या बाजूस हवेचा दाब उतरतो, आणि बाहेरची हवा ती उणीव भरून काढण्यासाठीं नळींतून आंत धांवते. म्हणजे यंत्र धुळीला खेंचतें असें म्हणण्यापेक्षां बाहेरचा वायूच तिला आंत ढकलतो, असें म्हणणें अधिक यथार्थ होय. नळीचें तोंड बंद केलें असतां चांगल्या घरगुती यंत्रांत दाब सुमारें एक पंचमांशानें उतरतो. तेवढ्यानें उभ्या नळींत पाणी सुमारें २ मीटर वर चढेल. परंतु केवळ दाब उतरून धूळ निघत नाहीं. ती वाहून नेण्यास हवेचा प्रवाह लागतो, आणि नळीच्या तोंडापासून जरा दूर गेलें, कीं हा प्रवाह फार झपाट्यानें मंदावतो. म्हणूनच तोंड वीतभर अंतरावर धरून धुळीची वाट पाहणें व्यर्थ आहे. तें पृष्ठभागास लागून, पण सावकाश फिरविलें पाहिजे.

यावरून आणखी एक भ्रम दूर होतो. दुकानांत यंत्राची थोरवी वॅटच्या आंकड्यानें सांगतात. पण वॅटचा आंकडा मोटर किती वीज घेते हें सांगतो, ती किती धूळ काढते हें नव्हे. युरोपीय संघानें २०१४ सालीं या यंत्रांवर १६०० वॅटची आणि २०१७ सालीं ९०० वॅटची मर्यादा घातली; तरीही तेथील घरें मळकीं राहिलीं नाहींत, कारण कारखानदारांस पंखा आणि वाट सुधारणें भाग पडलें.

आतां उपांगांकडे वळूं जातां पहिला मान चपट्या, निमुळत्या तोंडाच्या नळीचा. हवेची वाट अरुंद झाली कीं तिचा वेग तेथें वाढतो; म्हणून सरकत्या खिडक्यांच्या पन्हळी, सोफ्याच्या बैठकीमागील फट, कपाट आणि भिंत यांमधील बोळ, जेथें केरसुणी जात नाहीं व फडकें पोंचत नाहीं, तेथें ही नळी राज्य करते. दुसरा, लांब मऊ केसांचा गोल ब्रश. पुस्तकांच्या कडा, पंख्याचीं पातीं, तसबिरींच्या चौकटी आणि हार्मोनियमसारखीं वाद्यें यांस झटकलें तर धूळ खोलींत उडते. या ब्रशाचे केस तिला सैल करतात आणि प्रवाह तेथल्या तेथें उचलतो. तिसरें, गाद्या-सोफ्यांसाठीं असलेलें रुंद आडवें तोंड. त्यावरील कापडी पट्टी केस व सुताचे तंतू धरून ठेवते; ती मधूनमधून हातानें साफ करावी लागते. चौथा, जमिनीचा मोठा ब्रश. त्यावरील पायाची खीळ पुष्कळांच्या लक्षांतच येत नाहीं. तिनें केस खालीं येतात किंवा वर जातात. फरशीवर ते खालीं आणि सतरंजीवर वर असावे लागतात, हा एवढाच भेद न कळल्यामुळें ‘ब्रश जमिनीला चिकटतो’ अशी तक्रार ऐकूं येते.

पडदे साफ करतांना कापडच नळींत शिरतें, हा तर सार्वत्रिक अनुभव. त्यावरचा उपाय मुठीपाशींच असतो. तेथील लहानशी सरकती झडप उघडली, कीं कांहीं हवा बाजूनें आंत येते व ओढ सौम्य होते. तसेंच कुडीची फिरकी किंवा मण्यांतला एखादा मणी कपाटाखालीं गेला असतां नळीच्या तोंडावर पातळ मलमल रबराच्या कड्यानें बांधावी. वस्तु मलमलीवर येऊन अडकते, पोटांत जात नाहीं. कांहीं यंत्रांत नळी मागील तोंडास लावून हवा फुंकतांही येते. तिचा उपयोग गच्चींत किंवा गॅलरींत करावा; खोलींत केला तर बूथनें १९०१ सालीं पाहिलेली चूक घरांत पुन्हा होते.

यंत्र ‘ओढेनासें’ होण्याचीं कारणेंही प्रवाहाच्या नियमांतच आहेत. पिशवी भरली नाहीं, तरी बारीक भुकटीनें तिचीं छिद्रें बुजतात. रांगोळी, सिमेंट, भिंतीचा गिलावा, पीठ व पावडर हे तिचे शत्रु होत. रांगोळी प्रथम केरसुणीनें भरावी; उरलेल्या रेघेपुरतेंच यंत्र वापरावें. नळी बुजली म्हणजे मोटरचा आवाज चढतो. ती अधिक कष्ट करीत आहे असें तेव्हां वाटतें, पण वस्तुतः हलविण्यास हवाच न उरल्यामुळें पंखा मोकळा होऊन जलद फिरत असतो. हा सूर चढला कीं यंत्र तत्काळ थांबवावें. कारण पुष्कळ यंत्रांत वाहत्या हवेनेंच मोटर थंड राहते. लवचिक नळी मुठीजवळ चिरली, तर हवा तेथून शिरते आणि टोंकाशीं जोर राहत नाहीं. तारेवर पिवळी खूण दिसली म्हणजे ती पुरेशी बाहेर आली. तांबडी खूण दिसल्यावर आणखी ओढूं नये. गुंडाळीच्या आंत बरीचशी तार ठेवून यंत्र फार वेळ चालविलें, तर ती तापते.

दोन गोष्टींना मात्र क्षमा नाहीं. सुक्या केरासाठीं केलेल्या यंत्रानें पाणी ओढूं नये. मोटर तर जळतेच, शिवाय विजेचा धक्का बसण्याचें भय असतें. पाण्यासाठीं वेगळीं यंत्रें मिळतात, आणि टांकी भरतांच हवेची वाट बंद करणारा तरंगता गोळा त्यांत बसविलेला असतो. तसेंच धूप, उदबत्ती किंवा फटाके यांची गरम राख कधींही ओढूं नये. तींतील एखादी ठिणगी पिशवींतल्या सुक्या धुळींत पडली, तर वाहती हवा तिला भात्यासारखी फुलविते.

आतां स्पँग्लरच्या दम्याकडे. भारतांत १९८२ सालीं युरेका फोर्ब्स ही कंपनी स्थापन झाली आणि घरोघर प्रात्यक्षिकें दाखवून हीं यंत्रें विकण्याची प्रथा रुजली. विक्रेता नळींत पांढरें फडकें बसवून तें घरच्याच गादीवर फिरवी, आणि त्या फडक्यावरचा काळा डाग पाहून घरांतील मंडळी चकित होत. हा बूथचाच रुमाल! डाग खोटा नसतो. पण गादींत धूळ आहे एवढेंच तो सिद्ध करतो. घरांत दम्याचें मूल असेल, तर प्रश्न त्यापुढें सुरू होतो. त्याला बाधणारी मुख्य वस्तु म्हणजे गादींत राहणारे अतिसूक्ष्म कीटक व त्यांची विष्ठा. कोंकणपट्टीची दमट हवा त्यांस मानवते. यंत्र त्यांची विष्ठा व वरवरची धूळ काढतें. परंतु जिवंत कीटक धाग्यांस घट्ट धरून बसतात, ते सगळे निघत नाहींत. म्हणून केवळ यंत्रावर विसंबून न राहतां चादरी-अभ्रे ६० अंश सेल्सियस इतक्या गरम पाण्यांत धुणें, गादीस दाट विणीची खोळ घालणें आणि तिला कडक ऊन दाखविणें, हे उपाय चालू ठेवावे लागतात.

त्याहूनही महत्त्वाचें असें, कीं साध्या पिशवीचें यंत्र मोठी धूळ धरतें आणि अतिसूक्ष्म धूळ मागील तोंडानें खोलींत सोडतें. डोळ्यांस खोली स्वच्छ दिसते, पण मूल रात्रीं खोकतें. ‘हेपा’ नांवाच्या गाळण्या ०.३ मायक्रॉन आकाराचे शेंकडा ९९.९७ कण अडवितात. दमेकऱ्याच्या घरीं यंत्र घ्यावयाचें, तर ही गाळणी आणि हवा कोठेंही निसटूं न देणारी बांधणी पाहूनच घ्यावें. झाडतांना रुग्णास त्या खोलींत ठेवूं नये. खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि नंतर कांहीं वेळ जाऊं द्यावा. पिशवी रिकामी करण्याचें काम घराबाहेर, नाकावर फडकें बांधून करावें. हें काम बहुधा घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्यास येतें. तिच्याही छातीला धूळ बाधते, याचें स्मरण घरधन्यास असलें पाहिजे.

अलीकडे आपोआप फिरणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. इलेक्ट्रोलक्सचें पहिलें २००१ सालीं व अमेरिकेंतील ‘रूंबा’ २००२ सालीं बाजारांत आलें. रोजच्या हलक्या धुळीस तीं बरीं. पण उंच उंबरठा आणि जमिनीवर पडलेला नाडीचा गोंडा यांपुढें त्यांचें शहाणपण अजूनही अडतें, आणि पंख्याच्या पात्यांवर तर त्यांस चढतां येत नाहीं.

तात्पर्य इतकेंच, कीं यंत्र माळ्यावर ठेवण्याऐवजीं हाताशीं ठेवावें, आणि लहान उपांगें पेटींतून काढून खुंटीवर टांगावीं. आठवड्यास एक दिवस गादी व सोफा, पंधरवड्यास एकदां पंखे, खिडक्या व पुस्तकें, एवढा नेम ठेवला तर वर्षभर मोजलेले पैसे वसूल होतात, आणि दिवाळीच्या दोन दिवसांवर सगळा भार पडत नाहीं. केरसुणीला मात्र घराबाहेर काढण्याचें कारण नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याचा परिपाठ पुष्कळ घरांतून आहे. फरशीची धनीण तीच राहील. विजेच्या केरसुणीनें तिचें आसन मागूं नये. जेथें तिचा हात पोंचत नाहीं तेथें जावें, आणि घरांतील दुबळ्या छातीच्या माणसाला रात्रीं शांत झोंप मिळवून द्यावी.