गोधडी : जुन्या वस्त्रांची नवी भेट

आपल्या घरांतील लग्न, बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, वास्तू-आशीर्वाद अशा प्रत्येक प्रसंगी आपण एकमेकांना भेटी देतो. अलीकडे या भेटींचे स्वरूप बहुतांशी ठरून गेले आहे. पाकीट, काचेच्या भांड्यांचा संच किंवा दुकानातून चकचकीत वेष्टनात आलेली एखादी वस्तू. भेट देणाऱ्यालाही ती फारशी आठवत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. कधी कधी तर ती वेष्टन न सोडताच पुढच्या लग्नाला रवाना होते. या पार्श्वभूमीवर आपल्या आजी-पणजींनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या एका भेटीचा विचार करावासा वाटतो. ती भेट म्हणजे हाताने शिवलेली गोधडी.

गोधडी म्हणजे काय?

जुन्या सुती कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने एकत्र शिवले की गोधडी तयार होते. कोकणात आणि वसईच्या पट्ट्यात ती गोधडी, तर घाटावर अनेक ठिकाणी ती वाकळ म्हणून ओळखली जाते. तान्ह्या बाळासाठीचे लहान, मऊ पांघरूण म्हणजे दुपटे. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी ही याच कुळातील भावंडे आहेत. सुजनीही मुळात नवजात बालकासाठी जुन्या साड्यांपासूनच शिवली जात असे.

रजईत कापूस भरलेला असतो, गोधडीत मात्र वेगळे भरण नसते. तिची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते आणि तिचा मऊपणा शंभर वेळा धुतलेल्या सुताचा असतो. वसईतील जुन्या पिढीच्या ख्रिस्ती स्त्रिया नेसत असलेले लाल लुगडे अनेक वर्षे अंगावर वापरून झाल्यावर गोधडीच्या थरांत जाई. त्यामुळे गोधडी पांघरणाऱ्या नातवंडाला आजीचा स्पर्श अक्षरशः अंगावर मिळत असे.

सिद्दी बांधवांचे ‘कवंद’

या कलेचे एक उठावदार रूप आपल्या शेजारी, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात पाहावयास मिळते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतील जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज होत. त्यांतील कित्येकांचे पूर्वज गोव्यातील गुलामगिरीतून निसटून या जंगलांत आश्रयाला आले. कर्नाटकातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. मात्र गोधडी तिघांच्याही घरी शिवली जाते. तिला ते ‘कवंद’ म्हणतात.

कवंद शिवण्याची रीत पाहण्याजोगी आहे. खाली जुनी साडी अस्तर म्हणून पसरतात आणि रंगीबेरंगी तुकडे एका कोपऱ्यापासून लावत, कडेकडेने फिरत फिरत मध्याकडे शिवत जातात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंद अपुरे, उघडे समजले जाते. कॅथलिक स्त्रियांच्या कवंदांत क्रूसाची आकृती आढळते. ज्यांच्या पूर्वजांना बाजारात विकले गेले, त्या स्त्रियांनी उरलेल्या तुकड्यांतून आपल्या मुलाबाळांसाठी इतके देखणे पांघरूण सिद्ध करावे, यात मोठा अर्थ सामावलेला आहे.

दुर्कसची शिवण

पवित्र शास्त्रातही शिवणकामाला मानाचे स्थान आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात याफो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस या शिष्येची कथा आली आहे. ती सत्कर्मे व दानधर्म करण्यात तत्पर होती. ती आजारी पडून मरण पावली तेव्हा शिष्यांनी लोद येथून संत पेत्राला बोलावून घेतले. माडीवरच्या खोलीत विधवा स्त्रिया रडत उभ्या होत्या आणि दुर्कसने आपल्याबरोबर असताना शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्या पेत्राला दाखवीत होत्या. पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली व तिला उठविले.

या प्रसंगात दुर्कसच्या तोंडचे एकही वाक्य नोंदलेले नाही. तिच्या वतीने तिची शिवण बोलते. शिवाय ती वस्त्रे विधवांसाठी होती, म्हणजे ज्यांच्याकडून परतफेडीची काहीच अपेक्षा नव्हती अशांसाठी. आपल्याकडे भेटींची वही ठेवून ‘त्यांनी आपल्याला किती दिले होते’ हे पाहण्याची प्रथा आहे. दुर्कसच्या भेटी त्या वहीत बसणाऱ्या नव्हत्या.

निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातही देवाने आज्ञा केली आहे, की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण त्याला रात्री अंगावर घ्यायला दुसरे काही नसते. माणसाच्या पांघरुणाची चिंता प्रत्यक्ष परमेश्वर करतो, हे आपण ध्यानी घ्यावे.

जुने आणि टाकाऊ यांतील भेद

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. जुन्या कपड्यांची वस्तू भेट म्हणून देणे हे घेणाऱ्याचा उपमर्द करणारे नाही काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या वृत्तीवर अवलंबून आहे. कपाट रिकामे करायचे म्हणून फाटके, मळके कपडे पिशवीत कोंबून गरिबाच्या दारी ठेवणे याला दान म्हणता येत नाही. आपला केर आपण दुसऱ्याच्या अंगणात टाकतो, एवढेच. गोधडीच्या बाबतीत उलट घडते. जे जुने आहे त्यातील चांगले तेवढे निवडले जाते, धुतले जाते आणि त्यावर देणाऱ्याचे कित्येक दिवस खर्ची पडतात.

ते किती, याचा साधा हिशेब करून पाहू. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडीवर एक-एक इंचाच्या अंतराने टाक्यांच्या ओळी घातल्या तर साठ ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण ४२० फूट शिवण झाली. इंचाला दोन टाके धरले तरी दहा हजारांहून अधिक टाके होतात. जिच्यासाठी कोणी दहा हजार वेळा सुई खालीवर केली, ती वस्तू हलकी कशी म्हणावी?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात ‘वापरा आणि फेका’ या संस्कृतीवर कठोर टीका केली आहे. वस्तू फेकण्याची सवय जडली की माणसेही टाकून देण्याजोगी वाटू लागतात, हा त्यांच्या शिकवणुकीचा आशय होता. गोधडी या वृत्तीला शांतपणे दिलेले उत्तर आहे.

गोधडी कशी शिवावी?

ज्या भगिनींनी (आणि बंधूंनीही!) हे काम पूर्वी केलेले नाही, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना देत आहोत.

कापड : शक्यतो सुतीच घ्यावे. नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या घाम शोषत नाहीत. अठरा फुटी साडीतून पाच बाय सात फुटांचे जेमतेम दोन थर निघतात. त्यामुळे चार-पाच थरांच्या गोधडीला तीन साड्या लागतात. त्याहून अधिक थर घेतल्यास सुई पार होत नाही व बोटे दुखावतात.

पूर्वतयारी : सर्व कापड आधी धुवून, कडक उन्हात वाळवून घ्यावे, म्हणजे ते नंतर आटत नाही. गडद रंगाच्या कापडावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग लागत असेल तर ते कापड वापरू नये.

मांडणी : अस्तर जमिनीवर ताणून पसरावे व कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. विरलेले कापड मधल्या थरांत व धडके कापड वर-खाली ठेवावे. प्रत्येक थरावरून हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि सर्व थर लांब-लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवावेत.

शिवण : मोठ्या नेढ्याची सुई, जाड सुती दोरा आणि बोटात अंगुस्तान एवढी सामग्री पुरेशी आहे. कडेपासून आत शिवत जावे. टाका फार ओढू नये, कापड गोळा होते. शेवटी काठाला साडीच्या किनारीचा गोट लावावा. किनार मजबूत असते आणि शोभूनही दिसते.

निगा : गोधडी वेगळी, थंड पाण्यात धुवावी. ती पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नये. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

बाळांच्या बाबतीत एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. एक वर्षाखालील बाळ झोपलेले असताना त्याच्या अंथरुणात सैल पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. ते तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळ जागे असताना, मोठ्यांच्या नजरेखाली, जमिनीवर अंथरायला दुपटे उत्तम.

कोणाला द्यावी?

वधूवरांना तर द्यावीच. पण त्याहून अधिक गरज असलेली माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत. मुले आखातात किंवा कॅनडात गेल्यामुळे मोठ्या घरात एकटे राहणारे वृद्ध, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले रुग्ण, वृद्धाश्रमातील आजी-आजोबा, शिक्षणासाठी प्रथमच घर सोडून वसतिगृहात जाणारी मुलगी. यांना गोधडी देताना ‘तुझी आठवण ठेवणारे कोणी आहे’ हा निरोप आपण देत असतो.

आणखी एक प्रसंग सुचवावासा वाटतो. आई निवर्तल्यावर तिच्या साड्यांचे काय करावे हे मुलांना कळत नाही. वर्षानुवर्षे त्या कपाटात पडून राहतात. घर-जमिनीच्या वाटणीवरून भावंडांत अबोला धरला गेल्याची उदाहरणे आपल्या समाजात दुर्दैवाने कमी नाहीत. अशा घरात आईच्या साड्यांच्या सारख्या गोधड्या शिवून प्रत्येक भावंडाला एक-एक द्यावी. प्रत्येक गोधडीत आईच्या प्रत्येक साडीचा तुकडा असावा. जमिनीचे तुकडे पडले की माणसे दुरावतात, येथे मात्र तुकडे जोडले जातात. एका गोधडीने जुना तंटा मिटेल असे नाही, पण ती घेऊन भावाच्या दारी जाण्याचे निमित्त तरी मिळेल.

ज्यांना स्वतः शिवणे जमत नाही, त्यांनी आपल्या साड्या देऊन गावातील जाणत्या बाईकडून गोधडी शिवून घ्यावी. मात्र मजुरी ठरविताना ते दहा हजार टाके आठवावेत. मॉलमधील चादरीची किंमत निमूटपणे देणाऱ्यांनी गोधडी शिवणाऱ्या म्हातारीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

धर्मग्रामांना आवाहन

आपल्या महिला मंडळांनी हे काम सामूहिकरीत्या हाती घेण्यास हरकत नाही. येत्या आगमनकाळात प्रत्येक वाडीने एक गोधडी शिवून धर्मग्रामातील एका एकाकी किंवा आजारी व्यक्तीला नाताळपूर्वी नेऊन द्यावी. ज्येष्ठ स्त्रियांना शिकविण्याचा मान द्यावा आणि तरुण मुलामुलींनी सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात करावी. शिवताना एकत्र रोझरी म्हणता येते, गप्पाही होतात. बेथलेहेमात पवित्र मरियेने आपल्या बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेविले, असे संत लूक आवर्जून सांगतो. देवपुत्रालाही या जगात सर्वप्रथम कापडाचीच ऊब मिळाली. ती ऊब दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे सामर्थ्य आपल्या कपाटातील जुन्या साडीत आणि आपल्या दोन हातांत आहे.