कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे : घ्यावयाची काळजी

कोलेस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ शरीराला सर्वस्वी अपायकारक आहे, असा समज बरोबर नाही. पेशींची आवरणे, पित्तरस आणि काही संप्रेरके तयार होण्यास तो आवश्यक असतो व त्याचा बराच भाग यकृतच तयार करते. मात्र रक्तातील 'एलडीएल' या प्रकारच्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस त्याचे थर साचतात. त्यातून पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात संभवतो. या वाढीचे कोणतेही लक्षण रोग्यास जाणवत नाही. ती रक्ततपासणीतच दिसून येते.

औषधाचे कार्य

जपानमधील शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० नंतरच्या दशकात एका बुरशीपासून या वर्गातील पहिले द्रव्य मिळविले. १९८७ साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या औषधास मान्यता मिळाली. सध्या आपल्याकडे अॅटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन ही औषधे विशेष प्रचारात आहेत. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यास ज्या विकराची गरज असते, त्याच्या कार्यास ही औषधे अटकाव करतात. त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅमने कमी झाल्यास हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचा धोका साधारणतः एक पंचमांशाने घटतो, असे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून आढळले आहे.

गोळी कशी घ्यावी

हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे. शेजाऱ्यास किंवा नातेवाइकास लागू पडलेली गोळी आपणही घेणे धोक्याचे आहे. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यावयाचे असते; अॅटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कोणत्याही एका ठरावीक वेळी चालतात. एखादी मात्रा चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. औषध सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावे.

अहवाल चांगला आला म्हणजे रोग संपला, असे समजून पुष्कळ लोक गोळी बंद करतात. हा गैरसमज होय. आकडा उतरलेला असतो तो औषधामुळे. औषध थांबताच तो काही आठवड्यांत पुन्हा चढतो. ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत अशी परस्पर केलेली बंदी जिवावर बेतू शकते.

दुष्परिणाम

बहुतेकांना या औषधाचा त्रास होत नाही. काहींचे स्नायू दुखतात, तर काहींच्या रक्तातील साखर किंचित वाढते. परंतु कारण नसता स्नायूंत तीव्र वेदना वा अशक्तपणा, गडद तपकिरी लघवी किंवा डोळ्यांवर पिवळेपणा आढळल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. स्नायूंचा गंभीर नाश क्वचितच होतो, पण त्यामुळे मूत्रपिंडांस इजा पोहोचते. साधी अंगदुखी असल्यास गोळी परस्पर न सोडता डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते.

कोणी विशेष सावध राहावे

गर्भवती स्त्रिया, गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. या काळात हे औषध सामान्यतः दिले जात नाही. यकृताचा विकार असल्यास किंवा नियमित मद्यपान होत असल्यास तेही लपवू नये. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, जेमफायब्रोझिल यांसारखी औषधे काही स्टॅटिनांसोबत घेतल्यास स्नायूंना अपाय होण्याचा संभव वाढतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. आयुर्वेदिक किंवा घरगुती औषध चालू असल्यास त्याचाही उल्लेख करावा.

गोळी चालू आहे म्हणून तळलेले पदार्थ, तंबाखू व बैठे जीवन यांना मोकळीक मिळत नाही. बेताचा आहार, रोजचे चालणे आणि तंबाखूचा त्याग यांची जोड असेल, तरच औषधाचा पूर्ण लाभ पदरी पडतो.