कला शाखा, हिशेब आणि सरकारी कागद

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच तराजू निघतो. ऐंशी टक्क्यांच्या वर सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स आणि उरलेल्यांना आर्ट्स. मुलगी असेल तर टक्के कितीही असोत, ‘जवळच्या कॉलेजात आर्ट्सच घे’ असंही ऐकू येतं. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसं, तेव्हा कला शाखेची ही बेअदबी आम्हाला जरा जास्तच टोचते. पण खरी तक्रार वेगळी आहे. भाषा आणि इतिहास एका खोलीत, अर्थशास्त्र दुसऱ्या खोलीत आणि सरकार निर्णय कसे घेतं हे कुठल्याच खोलीत नाही, अशी वाटणी आपण करून ठेवली. घरावर येणारे प्रश्न मात्र वाटणी करून येत नाहीत.

वर्गात आम्ही एक उदाहरण नेहमी घेतो. आम्हा शिक्षकांच्या पगारातून दरमहा ‘व्यवसाय कर’ म्हणून २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हे पैसे कशासाठी, असं विचारलं की वर्ग गप्प. मग मुलांना सांगतो, घरी नानी-दादांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून या. दुसऱ्या दिवशी लाल मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या बाया असं सगळं वर्गात येतं. एवढा इतिहास पुस्तकात नसतो.

त्यातून रोजगार हमी योजनेकडे वळायचं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांची. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये नोकरी-धंदा करणाऱ्यांवर हा व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे पगारदाराचे दोनशे रुपये आणि दुष्काळी गावातली मजुरी यांचं नातं आहे! आता मजुरी किती ठेवायची? जास्त ठेवली तर शेतकरी म्हणणार, आमच्या शेतावर कोण येणार? कमी ठेवली तर राबणाऱ्याचं पोट भरत नाही. मुलांचे दोन गट पडतात आणि तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू येत नाही. २०२३ मध्ये महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ झाला. तो का, यावर तर मुली आणि मुलगे हटून भांडतात.

हे पश्चिमेचं नवं खूळ आहे असं कुणी समजू नये. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवायला १९२० साली सुरुवात झाली, हे खरं. पण ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी १३७७ सालच्या ‘मुकद्दिमा’त इतिहास, समाज, बाजार आणि कर एकमेकांपासून तोडलेच नाहीत. राजवट नवी असते तेव्हा कर हलके आणि वसुली भरपूर, उतरणीला लागली की कर जड आणि वसुली तोकडी, हे त्यांचं निरीक्षण. ते स्वतः काझी होते, दरबारात कारभार पाहिलेले होते. आपल्याकडे डॉ. झाकिर हुसेन यांनी बर्लिनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट केली, प्लेटोचं ‘रिपब्लिक’ उर्दूत आणलं आणि नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही सांभाळलं.

आता आपल्या मोहल्ल्यातलं पाहू. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. संताप झाला, आमचाही झाला. पण पुढे? मोफत म्हणजे नेमकं काय? फी नाही, मान्य. वह्या, रिक्षाभाडं? आणि तेरा वर्षांचा पोरगा गॅरेजवर बसला असता तर घरात आली असती ती कमाई? तिला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात, आणि गरीब घरात शाळा सुटते ती बहुधा तिच्यापायीच. हे सरकारला आकड्यांसकट, कायद्याचं कलम दाखवून, नीट मराठीत लिहून द्यायला भाषा, हिशेब आणि कायदा तिन्ही लागतात. आपल्यात जोशपूर्ण तकरीर करणारे पुष्कळ आहेत. अर्थसंकल्पाचं पान उघडून ‘इथे तरतूद किती आणि खर्च किती’ असं विचारणारे मोजकेच.

अशी मुलं तयार व्हायची तर अकरावीपासूनच विषय जपून निवडावे लागतील. कला शाखेतही गणित घेता येतं, हे पुष्कळ अम्मी-अब्बांना माहीतच नसतं. प्रत्येक कॉलेजात ही सोय नसते, पण जिथे आहे तिथे गणित सोडू नये. पुढे अर्थशास्त्र नीट शिकायचं तर ते लागतंच. पुण्यात १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा दुय्यम विषय घ्यायची वाटही खुली झाली आहे. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, राज्यशास्त्राबरोबर सांख्यिकी अशी जोडी कुठे मिळते ते पाहावं. फक्त अर्ज भरताना सायबर कॅफेवाला जे विषय टिकमार्क करील ते मान्य करू नका. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विषयांची पूर्ण यादी मागून घ्या, आणि ती मुलीच्या हातात द्या.