बाईकच्या विंडशील्डला एअर व्हेंट : भोक पाडण्याआधी हिशेब करा

आपलं तेरखेडा सोलापूर-धुळे हायवेवर. इथे गॅरेज टाकायचं असेल, तर लांबच्या बाईकवाल्यांची एक तक्रार समजून घ्या : काच लावली, पण स्पीड वाढला की हेल्मेट थडथडतं.

कारण साधं आहे. काचेमागे हवेचा दाब कमी होतो. काचेवरून येणारी हवा तिथे गिरक्या घेत शिरते आणि हेल्मेटवर आदळते. काचेच्या खालच्या भागात व्हेंट बसवलं की समोरून थोडी हवा आत येते, दाबातला फरक कमी होतो.

पण लगेच ड्रिल उचलू नका. आधी खालच्या बोल्टमध्ये जादा वॉशर घालून काचेमागे थोडी फट ठेवा. बोल्ट घट्ट बसलेत ना ते बघा आणि गिऱ्हाइकाला एक चक्कर मारू द्या. फरक पडला तरच व्हेंट.

काम करताना काच खोलून घ्या. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, खाली लाकडी फळी, ड्रिल हळू. ॲक्रिलिक जोर दिला की तडकतं. पॉलीकार्बोनेट चिवट, पण पेट्रोल-थिनरने पुसलं तर त्यालाही चिरा पडतात. भोक गोलच ठेवा, कडा घासून गुळगुळीत करा. टोकदार कोपऱ्यातून तडा जातो.

आता धंद्याचं. भोक छोटं, जोखीम अख्ख्या काचेची. काच फुटली तर भरपाई कुणाची, हे काम घेतानाच बिलावर लिहा आणि मजुरीत ती जोखीम धरा. पहिली चार भोकं भंगारातल्या काचेवर पाडा. आणि व्हेंटची गरज नसेल, तर तसं सरळ सांगा. गिऱ्हाईक त्यानेच टिकतं.