पोटभर थाळी, एक दाम : हिशेब जमतो कसा?

भंडारा जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला मुंबईची फेरी चुकत नाही. भंडारा रोडला विदर्भ एक्सप्रेस धरायची, सकाळी बोरीबंदरला उतरायचे आणि दुकाने उघडली की मंगलदास मार्केट नाहीतर मुळजी जेठा मार्केट गाठायचे. जोहरची नमाज शेख मेमन स्ट्रीटच्या जामा मशिदीत होते आणि त्यानंतर भूक लागते. मोहम्मद अली रोड जवळच आहे, पण तिथे दर प्लेटचे पैसे वेगळे. उलट काळबादेवीच्या गल्ल्यांत एकदा दाम मोजला की उठेपर्यंत वाढतात. जेवण शाकाहारी असल्याने जबिहाचा प्रश्न उरत नाही. म्हणून माझी पुष्कळशी दुपारची जेवणे तिथेच झाली.

आजवर मी ते जेवण फक्त जेवलो, हिशेब केला नाही. यंदा करावा लागला. माझा भाचा म्हणतो, "मामू, हायवेवर अनलिमिटेड बिर्याणी सुरू करू. एक रेट, पाहिजे तेवढी खा. नागपूरपर्यंत नाव होईल." त्याला माझ्याकडून चार लाख रुपये हवे आहेत. ही रक्कम माझ्या दुकानातल्या हंगामाच्या मालाची आहे. मग या खेपेला मी खरेदीबरोबर थाळ्यांचीही पाहणी केली.

दादीशेठ अग्यारी लेनमधले श्री ठाकर भोजनालय 1945 सालचे. ताटात वाट्या मांडल्या की वाढपी एकामागून एक येत राहतात : फरसाण, भाज्या, कढी, डाळ, तूप लावलेले फुलके. "बस" म्हणेपर्यंत हात थांबत नाही. थाळी तिथे स्वस्त नाही, पण खाणारा तक्रार करीत नाही. फ्रेंड्स युनियन जोशी क्लबचा बाज निराळा. नाव क्लबाचे, काम खानावळीचे. सजावट नाही, चव घरगुती, डोक्यावर बोजा नाही. मार्केटचा गुमास्ता, दलाल, बाहेरगावचा व्यापारी असले गिऱ्हाईक. तिसरे राजधानी, मंगलदास मार्केटच्या अगदी समोर. तिथे वाढपी एकमेकांना बोटांच्या खुणांनी सांगतात, कुठल्या टेबलावर डाळ हवी, कुठे रोटी. आरडाओरडा नाही आणि वेळ वाचतो. हेच नाव पुढे मॉलमध्ये गेले आणि त्याच्या शाखा झाल्या. चवीत माझे मत ठाकरकडे झुकते, पण रोजच्या पोटाला जोशी क्लब बरा.

आता नफा कुठून येतो? मी घड्याळ लावून बसलो. शेजारचा गुमास्ता वीस मिनिटांत उठला, कारण शेठ गादीवर वाट पाहत होता. त्याच्या जागी लगेच दुसरा आला. एका खुर्चीवर दुपारभरात कितीतरी माणसे जेवून जातात. दुसरी गोष्ट, आधी येते ते पोट भरणारे : फरसाण, बटाटा, पुरी. भात येईपर्यंत माणूस निम्मा गार झालेला असतो. तिसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे सरासरी. दहा माणसांत दोन खादाड, सहा बेताचे, दोघे पथ्यावरचे. पथ्यवाला खादाडाचे पैसे भरतो आणि त्याला त्याचे दुःख नाही. आमच्याकडे ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा स्वस्तात जातो, कारण त्याची किंमत आधीच्या मीटरांत वसूल झालेली असते. तसाच हा प्रकार.

जगभर हाच हिशेब चालतो. टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलात 1958 साली एका दामात हवे तेवढे खाण्याचे दालन निघाले. त्याचे नाव व्हायकिंग होते आणि आजही जपानी माणूस बुफेला व्हायकिंगच म्हणतो. तिथून अमेरिकेपर्यंत आता सुशीसुद्धा पोटभर मिळते. सुशी म्हणजे सिरका घातलेला भात आणि त्यावर मासोळीचा काप. भात-मासोळी खाणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसाला हे सांगायला नकोच की महाग मासोळी आहे, भात नव्हे. गिऱ्हाईक हुशारी करतो, वरची मासोळी खातो आणि भात टाकतो. म्हणून कित्येक ठिकाणी वेळेची मर्यादा असते आणि ताटात टाकलेल्याचे जादा पैसे लावतात.

आपल्या देशातले मोठे उदाहरण बार्बेक्यू नेशनचे. इंदूरच्या सयाजी हॉटेलवाल्या धनानी कुटुंबाचे हे काम. पहिले दुकान मुंबईत 2006 साली निघाले आणि 2021 साली कंपनीचे शेअर बाजारात आले. टेबलावर शेगडी आणि एक छोटा झेंडा असतो. झेंडा उभा आहे तोवर सळया येत राहतात. भाचा याच दुकानाचा दाखला देतो. मी त्याला सांगितले, "बाबा, सळईला दोन-चार तुकडे असतात आणि त्यांत बटाटा-अननसही असतो. तुझ्या बिर्याणीत मटण आहे."

या व्यवहाराची दीनी बाजूही पाहायला हवी, कारण पैसा हलालचा आहे आणि हलालच राहावा. हुजूर (स.) यांनी गररच्या, म्हणजे अंधारातल्या सौद्याला मनाई केली आहे. कापडवाल्यांना हे विशेष लागू पडते. मुलामसा आणि मुनाबजा हे दोन सौदे कापडाचेच होते. एकात घडी न उघडता नुसता हात लावला की सौदा पक्का, दुसऱ्यात कापड अंगावर फेकले की पक्का. दोन्ही मना झाले. आजही कट-पीसची गाठ न उघडता विकणारे आहेत. मीही तारुण्यात अशी एक गाठ घेतली होती. वरचे चार थर चांगले आणि आत भिजून डाग पडलेला माल निघाला. तेव्हापासून गाठ उघडल्याशिवाय मी पैसे देत नाही.

मग किती खाणार हे ठाऊक नसताना घेतलेला दाम गरर नव्हे काय? 2014 साली सौदी अरेबियाचे शेख सालेह अल-फौजान यांचे मत वृत्तपत्रांत गाजले, की विकल्या जाणाऱ्या वस्तूचे प्रमाण आधी ठरलेले हवे, म्हणून असा बुफे जायज नाही. इतर उलेमांनी ते मानले नाही. त्यांचा आधार जुना आहे. इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी हम्मामचा दाखला दिला आहे. हम्मामात पैसे देऊन आत जाणारा किती पाणी वापरील, किती वेळ बसेल, कुणी मोजत नाही, तरी ते जायज असण्यावर सर्वांचे एकमत आहे. पाणक्याकडून पैसे देऊन पाणी पिणाऱ्याचेही तसेच. फरक थोडा आहे, रिवाज सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावरून भांडण होत नाही. मला हे पटते. थाळीत काय येणार हे गिऱ्हाईक पाहतो आणि पोटाला हद्द असते. डागी गाठीला हद्द नव्हती. तरी ज्याचे मन मानत नाही त्याने आपल्या आलिमला विचारावे.

म्हणजे अडचण शरियतची नाही, भंडाऱ्याची आहे. काळबादेवीत हर तऱ्हेचे पोट येते. आमच्या हायवेवर "पाहिजे तेवढी बिर्याणी" अशी पाटी लावली, तर पथ्यवाला येणारच नाही. येईल रायपूरकडून निघालेला ट्रकवाला, येतील कारखान्याची पाळी संपवून निघालेली जवान पोरे, आणि कॉलेजातली मुले तर पैज लावून येतील. सरासरीतले बेताचे गिऱ्हाईक घरी जेवेल. वीस मिनिटांत उठायची घाईही इथे कुणाला नाही. लोक पंख्याखाली तासभर बसतील. आणि देग उतरली की ती त्याच दिवशी संपली पाहिजे. उरलेले कापड पुढच्या ईदला विकता येते, बिर्याणी नाही.

भाच्याला मी कागदावर लिहून दिले आहे. बिर्याणी प्लेटने, बोट्या मोजून. त्याबरोबर साधा भात आणि दालचा पोटभर, मागेल तितक्यांदा. तांदूळ आमच्याकडचाच, चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेवढे नाव पाटीवर चालेल. पैसे कर्ज म्हणून नाहीत, भागीदारीत. माझे चार लाख आणि त्याचे दोन, नफ्यात निम्मे-निम्मे कारण मेहनत त्याची, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे. दोन साक्षीदार आणि लेखी करार. पहिले सहा महिने नफा कुणी उचलायचा नाही.

कागद वाचून तो म्हणाला, "मामू, यात अनलिमिटेड कुठे आहे?" मी दालच्यावर बोट ठेवले. तो अम्मीला विचारून सांगतो म्हणून गेला आहे. हंगामाच्या मालाची ऑर्डर मी तोवर थांबवून धरली आहे.